काळीवरचं घर

घर पाहायला गेलेला पुरुष आधी वर बघतो, बाई चूल कुठे मांडायची ते बघते. अभिमन आबांनी यातलं काहीच केलं नाही. ते ओसरीवर टेकलेसुद्धा नाहीत. सरळ मागच्या दाराने परसात गेले, धोतर सावरून उकिडवे बसले आणि त्यांनी मूठभर माती उचलली. भादव्याचा पाऊस नुकताच उघडला होता. ओली माती बोटांना चिकटून बसली.

"कौतिक! आरे, आठे ये! माती देख!"

त्यांचा धाकटा भाऊ कौतिक तेव्हा मधल्या खोलीत भिंतीला कान लावून बोटाच्या पेराने ठकठक करत होता. वरणगावच्या फॅक्टरीत तो तपासणीच्या विभागात होता आणि ती सवय घरी येताना गेटवर ठेवून येत नसे. टरबूज, माठ, सायकलची घंटी, काहीही तो वाजवून बघायचा. धुळ्याला प्रमिलाला पाहायला गेला तेव्हा त्याने बैठकीतली नवी चौकट इतकी ठोकली होती की शेवटी सासऱ्यांनी विचारलं होतं, "पाहुणे, मुलगी बघायला आलात की सुतारकाम?"

"मी येस, आबा," म्हणत तो परसात आला.

"मुठमा धर. धर ना! आरे, ही काय माती शे? सोनं शे सोनं. कपाशी लाव, छातीइतली व्हई."

"आबा, आपले आठे कपाशी लावानी नही. अक्काले राहानं शे."

"मंग? ज्या जागानी माती चांगली, ती जागाच चांगली." आबांनी मूठ झाडली आणि धोतराला हात पुसले. त्यांच्या मनाने घर घेऊन टाकलं होतं. जळगावजवळच्या पिंप्राळ्यातलं हे तीन खोल्यांचं, स्लॅबचं, चकचकीत मोझॅक फरशीचं घर त्यांनी मातीच्या एका मुठीवर पसंत केलं होतं, आणि आबांनी एकदा मान डोलावली की ती परत आडवी हलवायला बैल लावावे लागत.

घराचा शोध आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून चालला होता. आखाजीला साऱ्या खान्देशातल्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात आणि सण झाला की परत जातात. या भावांची थोरली बहीण ताईबाई, म्हणजेच अक्का, मात्र एकदा आल्या त्या परत गेल्याच नाहीत. विधवा होऊन आल्या तेव्हा कौतिक परकरी पोरींच्या मागे नागडा फिरायच्या वयाचा होता. आई नव्हती. अक्कांनीच त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत पाठवलं, अभिमनचं लग्न लावलं. पुढे भावांचे संसार झाले आणि अक्कांची वाटणी झाली: सहा महिने शिंदखेड्याकडे अभिमनच्या घरी, सहा महिने कौतिकच्या क्वार्टरमध्ये. त्यांची पत्र्याची पेटी या खाटेखालून त्या खाटेखाली जायची. ती कधी पुरती रिकामी झालीच नाही.

या आखाजीला झोक्याकडे बघता बघता अक्का एकदम म्हणाल्या होत्या, "माले एक दार पाहिजे. मीच उघाडसू, मीच लावसू."

एवढंच. पुन्हा बोलल्या नाहीत. पण दोघा भावांना त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि पोळ्याच्या आत नाल्याकडचं शेत विकून झालं.

*

प्रमिलाबाई स्वयंपाकघरात एकटीच उभी होती. ओटा छान होता, खिडकी पूर्वेला होती. नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि म्हणून ती खूश होती. खोटं कशाला बोलायचं, तिला हे घर आजच ठरून हवं होतं. क्वार्टरच्या दोन खोल्यांत दोन मुलं, नवरा, आणि सहा महिने नणंदबाई. अक्का वाईट नव्हत्या. उलट इतक्या चांगल्या होत्या की त्यांच्यासमोर धड चिडताही यायचं नाही, आणि हाच खरा त्रास होता.

तिने परसाकडचं दार सहज ओढून पाहिलं. लागलं. पुन्हा उघडलं आणि तिची नजर खाली गेली. दाराच्या खालच्या कडेला रंधा मारलेला होता, आणि तोही तिरका. एका टोकाला जेमतेम, दुसऱ्या टोकाला चांगला बोटभर. वर नवा रंग.

प्रमिलाबाई सुताराची नात. रंधा तिरका का मारतात ते तिला कुणी सांगायला नको होतं. दार सरळच असतं. चौकट कलली की त्याला कापावं लागतं.

तिने दार पुरतं उघडून भिंतीला टेकवलं आणि ओसरीवर चहाला गेली. कुणाला काही बोलली नाही.

ओसरीवर प्रेमचंद शेठ लोडाला टेकून बसले होते. जळगावात त्यांचं कापडाचं दुकान. या घराण्यातल्या सगळ्या लग्नांचा बस्ता त्यांच्याच गादीवर फाडला गेला होता. हे घर त्यांनी भाड्याला म्हणून बांधून घेतलं होतं, आता दुकान वाढवायला विकत होते.

"आबा, भुसावळचे एक रेल्वेवाले दसऱ्याला इसाराची रक्कम द्यायला येतो म्हणतात," शेठ म्हणाले. "पण तुम्ही आपली माणसं. तुमचा शब्द आधी. घर पाहावं बांधून म्हणतात. ती कटकट मी करून ठेवलीय, तुम्ही फक्त राहायला या."

आबा खुशीत हसले आणि त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला. तेवढ्यात फाटकाशी लुना फटफटत थांबली आणि एक उंच, वाळका माणूस हातात पहार घेऊन उतरला. मागोमाग सायकलवरून फावडं-टोपलं घेऊन दोन मजूर.

"हे महाजनसाहेब," कौतिक घाईने उठला. "बांधकाम खात्यातून रिटायर झालेत. मीच बोलावलं. घर तपासायला."

शेठांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच थांबलं. आबांचा हात खिशातच राहिला. "कौतिक, माले ईचारं व्हतं का?"

"ईचारतू ते तुम्ही नही म्हनतात, आबा."

"मंग ते माहीत व्हतं ना तुले?"

*

महाजनसाहेबांना असल्या भांडणांची सवय असावी. त्यांनी पाणी मागितलं, सावकाश प्यायले आणि म्हणाले, "माझं ऐका, मग भांडा. तपासणी तीन तऱ्हेची असते. एक, सरकारी मोजणी. तिने हद्द कळते, की घर आपल्याच जागेवर आहे, शेजाऱ्याच्या नाही. ती तर करावीच लागेल. दुसरी, वरची पाहणी. मी तासभर फिरतो, स्लॅब, भिंती, नळ बघतो आणि डोळ्याला दिसलं ते सांगतो. तिसरी, पुरी तपासणी. पायाशी खड्डा घेतो. जे डोळ्याला दिसत नाही ते कळतं. पण त्याला मालकाची परवानगी लागते, आणि घेणाऱ्याची छाती."

"मोजणी करी ल्या," आबा म्हणाले. "हद्द पक्की व्हयनी का बठ्ठं पक्कं."

"आबा, मोजणी भिंत मोजस. भिंतनं दुखनं मोजस नही."

"भिंतले काय दुखस? तुले शेठवर विश्वास नही का?"

"फॅक्टरीमा मन्हा सख्खा मित्र माल पाठाडस. तो बी मी तपासस. मंग काय मैत्री तुटी गई?"

शेठ आता सरळ बसले होते. "कौतिकराव, मोजणी करा, दहादा करा. पण पायाशी खड्डा? लोक रस्त्यावरून बघतील. उद्या बाजारात म्हणतील, प्रेमचंदच्या घराचा पाया उकरून बघितला." त्यांचा आवाज दुखावलेला होता, आणि तो खोटा नव्हता. "तुमच्या वडिलांनी कधी माझ्या गादीवर कापड उलटं करून पाहिलं नाही."

आबा शेठकडे, कौतिक महाजनांकडे, आणि मधे प्रमिलाबाई गार चहाच्या कपाकडे बघत बसलेली. एका घराची तीन घरं झाली होती.

"अक्काले ईचारा," आबा शेवटी म्हणाले. "घर तिन्हा नाववर व्हई. ती म्हनी तसं."

आबांना खात्री होती. अक्का घरासाठी आसुसलेल्या होत्या. त्या कशाला खड्डा मागतील?

*

ताईबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. आल्यापासून त्या तिथेच होत्या, एक हात चौकटीवर ठेवून. त्यांनी मनात घर लावूनही टाकलं होतं. इथे पेटी, तिथे देव, खिडकीशी शिवणयंत्र. आखाजीला दोन्ही घरच्या पोरी आपल्याकडे येतील. अक्काआत्याचं घर. पोरींना असं एक घर असावं, जिथे बाप नाही, नवरा नाही, आणि कुणी विचारत नाही की किती दिवस राहणार.

खड्डा खणला आणि काही वंगाळ निघालं तर? हे घर गेलं तर दुसरं शोधेपर्यंत थांबायचं. तोवर शेताचा तो पैसा कोण राखून ठेवेल? अभिमनच्या बांधाला लागून एक शेत निघालंय, हे त्यांना माहीत होतं. कौतिकच्या मोठ्याचं कॉलेज तोंडावर आलंय, हेही माहीत होतं. भाऊ वाईट नव्हते, पण गरज वाईट असते. मोजणीवर भागवलं तर दसऱ्याला दार आपलं. त्यांना फार फार वाटलं की मोजणीच म्हणावं.

त्यांनी प्रमिलाबाईकडे पाहिलं. "प्रमिला, तू काय म्हणतेस? तू काही बोलली नाहीस आज."

प्रमिलाबाईने वर पाहिलं. चौकटीवरचा तो सुरकुतलेला हात पाहिला आणि तिच्याने राहवलं नाही.

"अक्का, स्वयंपाकघराच्या दाराला खालून तिरका रंधा मारलाय. चौकट कललीय. मी आल्या आल्या पाहिलं होतं." तिचा चेहरा लाल झाला. "बोलले नाही. आज ठरावं असं वाटत होतं."

का वाटत होतं ते अक्कांनी विचारलं नाही. त्यांना ते पेटी सरकवताना कधीच कळलं होतं. उलट त्यांनी प्रमिलाच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.

"खड्डा घ्या, साहेब," त्या म्हणाल्या.

"अक्का!" आबा उठलेच. "आवं, माती देखी का तू? कितली चांगली माती शे!"

"देखी. म्हनीसनच सांगस." अक्कांचा आवाज चढला नाही. "अभिमन, माले एकदाव माती देखीसनच दिधं व्हतं. दादांनी सासरना वावरमा आसंच बसीसन मूठ भरी. बोलनात, सोनं शे, लेक सुखमा राही. पोरगानी छाती कोनी देखी? तो खोकले ते म्हनेत, हवा लागनी. दोन पावसाळा व्हयनात नही, ते मी परत उनू. माती आजून तठेच शे. आजून सोनंच शे."

आबा उभ्याचे खाली बसले. बाप त्यांचाही होता, आणि ही गोष्ट या घराण्यात कधी कुणी बोललं नव्हतं.

अक्का शेठकडे वळल्या. "शेठ, तुमच्यावर विश्वास आहे म्हणूनच तुमच्यासमोर खणते. विश्वास नसता तर मागच्या मागे निघून गेले असते. माणसाला तपासलं तर लाज वाटते, घराला काय लाज?"

शेठांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "खणा," ते म्हणाले. "मलाही कळू द्या."

*

परसातल्या भिंतीशी खड्डा सुरू झाला. माती मऊ होती, मजुरांना कष्ट पडेनात. गुडघाभर काळी. कमरेइतकी काळी. पायाचे दगड दिसू लागले, आणि मग दगड संपले. त्याखाली पुन्हा काळीच.

महाजनांनी पहार खाली रोवली. ती हाताच्या जोरानेच आत गेली. त्यांनी ओळंबा सोडून कोपरा पाहिला, जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं, पण बोलायच्या आधीच आबा धोतर खोचून खड्ड्यात उतरले. पायाच्या शेवटच्या दगडाखाली त्यांनी हात घातला, माती काढली, तळहातावर दाबली. बराच वेळ दाबतच राहिले.

"अक्का," ते खड्ड्यातूनच म्हणाले, "चैतमा आपला बैलना पाय भेगमा अडकना व्हता, याद शे? गुडघालोंग गया व्हता."

"याद शे."

"तीच माती शे ही." त्यांनी वर पाहिलं. एवढा थोरला माणूस, पण चेहरा पोरासारखा झाला होता. "उन्हाळामा फाटस, पावसाळामा फुगस. आते पाऊस शे म्हनीसन बठ्ठ्या भेगा मिटेल शेत. पिकले माय, भिंतले वैरी. वाडवडीलसनी गाव पांढरीवर बसाडं, काळीवर नही. इतली सादी गोट मी कसा भुली गऊ?"

"मला वेगळं काही सांगायचं नाही," महाजन म्हणाले. "पाया मुरमाला टेकलेला नाही. घर उद्या पडणार नाही. पण दर उन्हाळ्यात भेग, दर पावसाळ्यात ती मिटणार, आणि दर वर्षी थोडी वाढणार. या बाई इथे एकट्या राहणार म्हणता. मी माझ्या बहिणीला इथे राहू देणार नाही."

प्रेमचंद शेठ खड्ड्याच्या काठाशी उभे होते. "आबा, मी प्लॉट घेतला तेव्हा इथे ज्वारी उभी होती. पाया किती घेतला ते मी बघितलं नाही. दाराला रंधा मीच मारून घेतला. सुतार म्हणाला, लाकूड फुगलंय. मला पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं." ते कौतिककडे वळले. "भुसावळवाल्यांनाही आता हा खड्डा दाखवूनच बोलेन."

मजुरांनी खड्डा तसाच ठेवून फावडं-टोपलं उचललं. कौतिक म्हणाला, "जाऊ द्या. घरं काही कमी नाहीत. आखाजीलोंग दुसरं देखसूत."

"हां," आबा म्हणाले. "तवलोंग त्या पैसामा..." आणि गप्प झाले. बांधालगतचं शेत सगळ्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. आबांना स्वतःच्याच जिभेचा राग आला, पण शब्द तोंडातून निघाला होता.

ताईबाईंनी पदर खोचला. "कौतिक, येताना त्या चढावर एक पाटी लावली होती. 'घर विकणे आहे.' अभिमन हसला होता बघ."

आबा हसले होते खरे. रिक्षातून बोट दाखवून म्हणाले होते, या बरडवर कुसळ बी उगस नही, कोन येडा घर लेई!

"साहेब, तुमची पहार घ्या," अक्का म्हणाल्या. "चला."

आणि त्या पुढे निघाल्या. त्यांच्या मागे प्रमिलाबाई, तिच्या मागे दोघे भाऊ, मग पहार खांद्यावर टाकलेले महाजनसाहेब, त्यांचे दोन्ही मजूर, आणि सगळ्यांत मागे, स्वतःचं घर विकलं न गेलेले प्रेमचंद शेठ. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण आता शेवट बघितल्याशिवाय त्यांना घरी जाववेना.

*

चढावरचं घर लहान होतं. दोनच खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, भोवती उघडा मुरूम. मालकीण मंदाबाई, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, मुलाकडे धुळ्याला निघाल्या होत्या. खड्ड्याचं भीत भीत विचारलं तर त्या खळखळून हसल्या.

"खणा की! मला इतक्या वर्षांत तुळशीसाठी खड्डा खणता आला नाही. तुम्ही खणून दाखवा!"

महाजनांनी पहार उचलून भिंतीशी मारली. ठण्ण! ती उसळून परत आली. दुसऱ्यांदा मारली, मुरमाचे दोन खडे उडाले. मजुरांनी घाम गाळून वीतभर उकरलं आणि पायाचा दगड दिसला, खडकासारख्या मुरमात घट्ट बसलेला. महाजनांनी कोपऱ्याला ओळंबा लावला. दोरी भिंतीला समांतर, कुठे केसभर फरक नाही. ते पहिल्यांदाच हसले. मग पत्र्यावर चढून आले, भिंती ओल्या आहेत का पाहिलं आणि म्हणाले, "पत्रा एका जागी गळतो, तो बदला. मोजणीचा अर्ज सोमवारी टाका. बाकी, बाई, इसार द्या."

कौतिकने तरी भिंती ठोकल्याच. प्रमिलाबाईने दोन्ही दारं खालून पाहिली. रंधा नव्हता.

आबा पडवीच्या कडेला बसले होते. सवयीने त्यांनी खालची मूठ भरली. मुरूम बोटांमधून गळून गेला, हाताला काही लागलं नाही.

"अक्का, ह्या आठे तुळस बी कशी जगी वं?" त्यांनी रिकामी मूठ पुढे केली. "मी आनसू. आपला वावरनी माती. गाडाभर आनसू."

"गाडाभर नको," ताईबाई म्हणाल्या. "एक पाटी आन. तुळसपुरती."

आणि त्या आत गेल्या. इसार व्हायचा होता, मोजणी व्हायची होती, घरात अजून मंदाबाईंचं सामान होतं आणि खुद्द मंदाबाई पडवीत उभ्या होत्या. पण अक्कांनी दार आतून ओढून घेतलं. ते न कुरकुरता लागलं. कडी पडल्याचा आवाज आला. बाहेर सगळे नुसते उभे राहिले. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि कौतिकने पटकन मान फिरवली.

मग कडी निघाली. दार उघडलं, आणि साठीची ताईबाई उंबऱ्यात उभी होती.

"या ना," ती म्हणाली. "बाहेर काबर उभा शेत? मन्हा घरमा या."